शकुंतलेचे रूळ उचलले जाण्याआधी : वाचकांचे प्रश्न

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली शकुंतला. या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) लाइनबद्दल आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. बहुतेक पत्रांत एकच मागणी आहे : गाडी होती तशी सुरू करा. जवळपास १९० किलोमीटरची लाइन होती तशी पुन्हा धावेल असे आम्हाला वाटत नाही आणि वाचकांना खोटी आशा लावायची नाही. पण ब्रॉडगेजसाठी (रुंद रुळांसाठी) जुने रूळ उचलण्याआधी जे मोजून, लिहून, मागून ठेवता येईल ते आत्ताच ठेवले पाहिजे. उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

ही लाइन अजून इंग्रजांची आहे असे लहानपणापासून ऐकतो. खरे काय आहे? आणि गाडी बंद पडली ती नेमकी कशाने? — एक वाचक, कारंजा (लाड)

किलिक निक्सन ही मुंबईतली इंग्रज व्यापारी पेढी, १८५७ सालची. तिने १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. मूर्तिजापूर–यवतमाळ, मूर्तिजापूर–अचलपूर (तेव्हाचे एलिचपूर) आणि पुलगाव–आर्वी या तीन शाखा त्या कंपनीच्या. लाइन कंपनीची, गाडी चालवायची जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने आणि उत्पन्नात कंपनीला वाटा, असा करार होता. १९५१ मध्ये जीआयपी मध्य रेल्वेत आली, शाखा मात्र कंपनीच्या नावावरच राहिल्या आणि करार दर दहा वर्षांनी पुढे सरकत गेला. म्हणजे 'इंग्रजांची' याचा अर्थ इंग्लंड सरकारची असा कधीच नव्हता. लाइन एका खासगी कंपनीच्या नावे आणि गाडी सरकारी, असा तो मामला.

गाडी बसली त्याचे मूळ बरेचसे या दोन मालकांत आहे. परक्याच्या नावावरच्या रुळांवर मोठा खर्च कोण टाकणार? पण त्याहून जुने कारण कापसाचे आहे. वऱ्हाडातला कापूस जिनिंग-प्रेसिंगमधून मुंबईच्या गोदीत पोचावा म्हणूनच ही लाइन टाकली. मूर्तिजापूरला नॅरोगेज संपून ब्रॉडगेज सुरू होते, तिथे प्रत्येक गाठ हमालांनी एका वाघिणीतून काढून दुसरीत भरायची. ट्रक आले आणि गाठी जिनातून थेट गिरणीच्या दारात जाऊ लागल्या, तेव्हा ही दुहेरी हमाली कोण सोसणार? माल गेला, उरले फक्त प्रवासी, तेही कमी भाड्याचे. रूळ म्हातारे झाले तशी वेगाची मर्यादा ताशी २० किलोमीटरवर आली आणि यवतमाळ ते मूर्तिजापूर हे ११३ किलोमीटर कापायला सहा-सात तास लागू लागले. एसटीला त्याच्या निम्माही वेळ लागत नाही. तरीही मजूर, शाळकरी पोरे, टोपलीभर भाजी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाया शेवटपर्यंत याच गाडीने गेल्या, कारण तिकीट परवडत होते. ब्रॉडगेजची मागणी करताना या लोकांसाठी थांबे आणि पॅसेंजर गाडी हेही लेखी मागा. नाहीतर रुंद रूळ येतील आणि लहान गावात गाडी थांबणारच नाही.

ब्रॉडगेज करताना जुन्याच जागेवर रुंद रूळ टाकतात ना? मग जुने पूल, जुनी स्टेशने जाणारच. वाचवायचे काय? — एक शिक्षक, दर्यापूर

जागा बरीचशी तीच लागते, पण काम जवळजवळ नव्याने करावे लागते. शकुंतलेच्या दोन रुळांतले अंतर ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजचे १६७६. नॅरोगेजचा भराव वरून ३.७० मीटरच्या आसपास रुंद असला तरी भागते, ब्रॉडगेजच्या एकेरी लाइनला आता ७.८५ मीटर धरतात. नॅरोगेजचे वळण ४४ मीटर त्रिज्येपर्यंत आवळता येते, ब्रॉडगेजला १७५ मीटरच्या आत चालत नाही. पूल तर सगळेच नवे, कारण नव्या ब्रॉडगेजवर एका आसाचे वजन २५ टन धरून हिशेब करतात.

त्यात आपली काळी, भारी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीच्या भरावावर गिट्टी खाली रुतते, चिखल वर येतो आणि दोन रूळ एका पातळीत राहत नाहीत. शकुंतलेच्या डब्याला जो झोकांडा बसायचा त्याचे एक कारण हेच. नव्या भरावात म्हणून काळी माती टाळून मुरूम घालतात आणि त्यावर प्रतवारी केलेल्या खडी-वाळूचा जाड थर देतात.

वळणे सरळ करताना आणि गावाला वळसा घालताना नवी लाइन जुनीपासून बाजूला जाते. अशा ठिकाणी जुना तुकडा, एखादा दगडी पूल, एखादे स्टेशन मोकळे सुटते. वाचवायचे ते हेच. आपल्या शेजारचे उदाहरण घ्या. अकोला–खंडवा मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर असलेली लाइन) ज्या लांब साखळीचा भाग होती, तिचाच पातालपाणी–कालाकुंड हा इंदूरजवळचा घाटाचा तुकडा. ब्रॉडगेज घाट टाळून दुसऱ्या वाटेने न्यायची ठरली, त्यामुळे हा साडेनऊ किलोमीटरचा तुकडा रिकामा राहणार होता. तिथे २५ डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज गाडी सुरू झाली. संपूर्ण लाइन मागितली असती तर काहीच हाती लागले नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे. शकुंतलेसाठीही पाच ते दहा किलोमीटरचा, एका टोकाला रस्ता आणि बाजारपेठ असलेला तुकडा मागावा. त्यासाठी आधी नव्या लाइनचा आखणी नकाशा हातात हवा.

तो नकाशा मिळवायचा कसा? आम्ही दोनदा निवेदन दिले, उत्तर नाही. — एक वाचक, यवतमाळ

निवेदनाला मुदत नसते, माहिती अधिकाराच्या अर्जाला असते. ही लाइन मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येते. तिथल्या केंद्रीय जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. अर्ज शक्यतो ५०० शब्दांच्या आत ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवस, ते आले नाही किंवा अपुरे आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

अर्ज फसतो तो प्रश्न चुकीचा विचारल्याने. 'गाडी का बंद केली?' याचे उत्तर देणे अधिकाऱ्याला बंधनकारक नाही, कारण कायद्याने मिळते ती नोंद, मत नाही. म्हणून कागद मागा : मूर्तिजापूर–यवतमाळ गेज रूपांतराच्या आखणी नकाशाची प्रत, काढायच्या जुन्या पुलांची क्रमांकवार यादी, पाडायच्या इमारतींची यादी, रूळ भंगारात काढण्याचा आदेश झाला असल्यास त्याची प्रत. नकाशा मोठा असतो, झेरॉक्स नीट येत नाही, म्हणून शेवटी 'अभिलेख पाहण्याची संधी द्यावी' हे वाक्य टाका. पहिला तास पाहणी मोफत असते. जाताना दोघे जा, एकाने पाहायचे आणि एकाने लिहायचे.

२०१६ मध्ये तेव्हाचे रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या काळात या रूपांतरासाठी १५०० कोटी रुपयांची घोषणा झाली होती. तिच्यावर पुढे काय झाले, हेही कागदांच्या रूपातच मागा.

आमच्या मंडळाची पंधरा-वीस पोरे रविवारी स्टेशनात श्रमदान करायला तयार आहेत. झाडोरा काढून रुळांना रंग मारायचा विचार आहे. — मंडळाचे कार्यकर्ते, दारव्हा

रंग अजिबात मारू नका. का ते पुढे येईल. आणि परवानगीशिवाय आत जाऊ नका. गाडी बंद असली तरी ती रेल्वेची हद्द आहे, विनापरवाना शिरल्यास रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मंडळाच्या लेटरहेडवर तारीख, वेळ, माणसांची यादी आणि नेमके काम लिहून विभागीय कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. परवानगी मिळेपर्यंत फाटकाच्या रस्त्यावरून जे दिसते त्याचे फोटो काढायला हरकत नाही.

झाडोरा डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. बाभूळ उपटू नका, जमिनीलगत करवतीने कापा. तिची मुळे स्लीपरच्या, म्हणजे रुळाखालच्या आडव्या ओंडक्याच्या, खालून गेलेली असतात. ओढली की गिट्टी सरकते, स्लीपर तिरपा होतो आणि जे मोजायचे तेच बिघडते. पेटवून तर मुळीच देऊ नका. लाकडी स्लीपर तेलात मुरवलेले असतात, एकदा धुमसू लागले की दोन दिवस विझत नाहीत, आणि शेजारी तूर नाहीतर गहू उभा असतो. स्लीपरच्या पोटाशी घोणस बसते. पायात गमबूट घाला, हात घालण्याआधी काठी फिरवा.

श्रमदानापेक्षा मोजणी जास्त मोलाची आहे. पोरांचा उत्साह तिथे लावा. चार जणांची एक तुकडी करा. तीन मीटरचा पोलादी टेप, तीस मीटरचा लांब टेप, खडू, नायलॉनचा ब्रश, वही, फोन, एवढेच सामान पुरते.

आधी रुळाची ओळख करून घ्या. रुळाच्या उभ्या पातळ भागाला, म्हणजे डोके आणि पाया यांच्या मधल्या पोटाला, दोन सांध्यांच्या साधारण मध्ये उठावाची अक्षरे असतात. गंज हाताच्या ब्रशने हलकेच झाडा. कानस किंवा तारेचा ब्रश लावला की अक्षरेच जातात. वरून खडू आडवा फिरवला की उठाव पांढरा होतो आणि खोलगट भाग काळा राहतो. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन तिरपे असताना पाहा. दुपारी तीच अक्षरे डोळ्यासमोर असूनही दिसत नाहीत. त्यात साधारणपणे कारखान्याचे नाव, साल आणि वजन असते. वजन पौंडात, एका यार्डाला किती ते. त्याला ०.४९६ ने गुणले की एका मीटरला किती किलो ते निघते. ३० पौंडांचा रूळ म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो, आज ब्रॉडगेजला ६० किलोचा टाकतात. वर रंग मारला की ही अक्षरे बुजतात, म्हणून रंग नको. प्रत्येक वेगळे साल वहीत स्थळासह लिहा. कोणत्या साली कुठला तुकडा बदलला हे त्यावरून कळते.

मग गेज. दोन्ही रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, माथ्यापासून सुमारे १४ मिलिमीटर खाली. टेप रुळाला काटकोनात धरा, तिरपा झाला की आकडा फुगतो. एका जागी पाच ठिकाणी मोजा. ७६२ च्या वर किती गेले ते लिहा, पण वळणावर मुद्दाम थोडे जास्त ठेवतात, तिथे 'वळण' असे शेजारी नमूद करा. दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे, म्हणजे फिशप्लेटचे, बोल्ट मोजा, सांध्याला चार लागतात. दोनच उरले असतील तर चोरी झाली असे समजा आणि स्टेशन मास्तर किंवा रेल्वे सुरक्षा दलाला लेखी कळवा.

पुलांचे फोटो चारही बाजूंनी, शेजारी एक मीटरची रंगवलेली काठी उभी करून. पुलाचा क्रमांक कठड्यावर असतो, आधी त्याचाच फोटो घ्या म्हणजे पुढचे फोटो कुठले हे घरी गेल्यावर कळते.

स्टेशनची जुनी इमारत गळते आहे. ग्रामपंचायत वाचनालयासाठी ती मागायच्या विचारात आहे. ठेकेदार म्हणतो, कवेलू काढून टिनपत्रे टाकू आणि आत-बाहेर सिमेंटचे प्लास्टर मारू. — एक सरपंच, अंजनगाव सुर्जी तालुका

सरपंचताई, रेल्वेकडून लेखी करार झाल्याशिवाय एक पैसाही खर्च करू नका. करारात दुरुस्तीचा हक्क आणि मुदत हे दोन्ही असू द्या.

ठेकेदाराच्या दोन्ही सूचना नाकारा. भिंत चुन्याची आहे का ते आधी पाहा. सांध्यावर किल्लीने ओरखडा काढा. पांढुरका भुगा पडला आणि त्यात विटेचे लाल कण दिसले तर तो चुना-सुरखीचा सांधा. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि सांध्यातून बाहेर टाकते. सिमेंटचे प्लास्टर ही वाट बंद करते. ओल आत अडकते, तिच्यातले क्षार प्लास्टरच्या मागे साचतात, लोणा लागतो, विटेचा भुगा होतो. तीन-चार पावसाळ्यांनी प्लास्टरची पाटी सुटते आणि सोबत विटेचा दर्शनी भाग घेऊन पडते. मग ठेकेदार म्हणतो भिंतच कमकुवत होती.

चुन्याची कृती अशी. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या, त्यात कळीचा चुना थोडा थोडा सोडा. चुन्यावर पाणी कधीही ओतू नका, उकळून अंगावर उडते आणि डोळा जातो. डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे हवेतच. विरला की गाळून किमान महिनाभर पाण्याखाली ठेवा. बाहेरच्या सांध्यांना एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग धुतलेली वाळू. सुरखी चांगल्या भाजलेल्या विटेची, सिमेंटची चिमूटही नाही. जुना सांधा २० ते २५ मिलिमीटर खोल कोरून काढा, आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, दाबून भरा आणि आठ-दहा दिवस ओले गोणपाट लावून ठेवा. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच करा. आपल्या मे महिन्यात चुना धरण्याआधीच वाळतो आणि बोटाने निघतो.

भिंतीत पिंपळ असेल तर ओढून काढू नका. कोवळे रोप मुळासकट निघते, पण अंगठ्याएवढे मूळ ओढले की सोबत दहा विटा येतात. फांद्या छाटा, मुळाभोवतीच्या विटा एकेक मोकळ्या करा, मूळ काढा आणि त्याच विटा चुन्यात परत बसवा.

आता छप्पर. टिनाखाली उन्हाळ्यात वाचनालय चालणारच नाही, आणि वादळात उडालेला पत्रा माणूस कापतो. मंगलोरी कवेलू एका चौरस मीटरला साधारण १५ लागतात. उताराची मापे घेऊन, समजा १२० चौरस मीटर भरले, तर १८०० कवेलू आणि फुटीसाठी १० टक्के वर. पण सगळे नवे लागत नाहीत. बोटाच्या गाठीने वाजवा, खणखणीत वाजले तर चांगले, बद्द आवाज आला तर तडकलेले. नवे घेताना जुने कवेलू नमुन्याला सोबत न्या. साच्यात बोटभर फरक असला तरी खाचा बसत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते. काढताना माथ्यापासून खाली या, रचताना उभे रचा, आडवे रचले तर खालची ओळ फुटते. छपरावर पाय न देता आडवी शिडी टाकून सरपटत जा. कवेलू काढल्यावर खालच्या लाकडी पट्ट्यांना स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा, जिथे सहज आत जातो तिथे उधई आहे, ती पट्टी बदला. आणि इतके करण्याआधी दोन उतार जिथे मिळतात ती पन्हाळ झाडून घ्या. गळती पुष्कळदा तिथे साचलेल्या कडुनिंबाच्या पाल्याने होते आणि छप्पर विनाकारण उघडले जाते.

एक जण जुन्या रुळाचे तुकडे गेटच्या खांबासाठी स्वस्तात देतो आहे. घ्यावे का? — एक शेतकरी, मूर्तिजापूर तालुका

नाही. लिलावाची पावती नसेल तर तो चोरीचा माल समजला जातो. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) कायदा १९६६ खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे आणि माल ज्याच्या ताब्यात सापडतो तोही त्यात अडकतो.

वडील याच लाइनवर होते. घरी पुठ्ठ्याची तिकिटे आणि एक हातकंदील आहे. नीट कसे ठेवावे? — एक वाचक, अचलपूर

तिकिटे लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. दोन्ही वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडतात आणि शाई ओढून घेतात. सुमारे ५७ बाय ३० मिलिमीटरचे ते पुठ्ठे एकेक सुटे, साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात घाला. पाकिटावर पेन्सिलने कुठून-कुठे आणि तारीख लिहा, मग बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कसर कागद खाते, म्हणून दर दिवाळीला डबा उघडून पाहा. कंदिलाचे पितळ चकचकीत करण्याच्या नादात त्यावर ठोकलेली अक्षरे घासून जातात. रेल्वेची आणि बनवणाऱ्याची ओळख तीच आहे. मऊ फडक्याने धूळ पुसा, बिजागरीला मशीनच्या तेलाचा एक थेंब, बस्स. लाल-हिरव्या काचा काढायचा प्रयत्न करू नका, त्यांच्या भोवतीचा पत्रा वाकला की परत बसत नाहीत.

घरात जपणारे कोणी नसेल तर नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, तिथे विचारा. देताना वस्तूचे वर्णन असलेली सही-शिक्क्याची पोच घ्या. मुलांना नॅरोगेजचे इंजिन जवळून दाखवायचे असेल तरीही तिथेच जा. शकुंतलेचे १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १५ एप्रिल १९९४ ला उतरवून त्याच्या जागी डिझेल आले, त्यामुळे आज तिशीच्या आत असलेल्या कोणालाही ते या लाइनवर धावताना पाहायला मिळालेले नाही.

गावात दोन म्हातारे गँगमन (रुळांची देखभाल करणारे) आहेत. त्यांच्याकडून माहिती रेकॉर्ड करायची आहे. काय विचारावे? — कॉलेज विद्यार्थिनी, पथ्रोट

लगेच करा, परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. 'तुमच्या आठवणी सांगा' असे विचारले तर दोन वाक्यांत आटपते. वस्तू हातात द्या किंवा जागेचे नाव घ्या. 'कोणत्या पुलाजवळ पावसात गिट्टी वाहून जायची? मग काय करायचे? किती जण लागायचे? कोणाचा निरोप कसा यायचा?' असे विचारले की माणूस हाताने दाखवत सांगू लागतो. हत्यारांची, कामांची, साहेबांच्या हुद्द्यांची त्यांची नावे जशीच्या तशी लिहा, पुस्तकी करू नका. ते शब्द कुठल्याच नियमावलीत सापडणार नाहीत.

पंखा बंद करा, फोन विमान मोडवर टाका, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर ठेवला तर चहाच्या कपाचा प्रत्येक आवाज येतो. सुरुवातीलाच नाव, गाव, तारीख आणि 'हे जपून ठेवायला हरकत नाही' हे त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून घ्या. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नका. फाइलची एक प्रत त्याच दिवशी दुसऱ्या ठिकाणी टाका आणि एक पेनड्राइव्हवर त्यांच्या घरी द्या.